टिंब शोधणारा प्रोग्रॅम

मुंबई-बेंगळुरू महामार्गाला लागून असलेलं मुळशी तालुक्यातलं पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. शेतं होती तिथे आता उंच सोसायट्या आहेत आणि एकाच जिन्यात दोन वेगळ्या जगांतली माणसं राहतात. कुणाची कंपनीची बस सकाळी हिंजवडीच्या आयटी पार्ककडे वळते, तर कुणाची भोसरी किंवा चाकण एमआयडीसीकडे. एक जण दिवसभर कीबोर्डवर असतो, दुसरा सीएनसी लेथसमोर उभा असतो. तरीही दोघांच्या हाताखालून रोज एकच वस्तू जाते. ती म्हणजे टेक्स्ट फाइल, साध्या मजकुराची फाइल.

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांत व्हेरिएबल, लूप आणि अटी येतात. पुढचा धडा फाइलींचा असतो. सीबीएसईच्या बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच्या टेक्स्ट, बायनरी आणि सीएसव्ही या तिन्ही तऱ्हेच्या फाइली अभ्यासाला आहेत. बहुतेक पुस्तकांत या धड्याचं उदाहरण म्हणजे मुलांचे मार्क किंवा एखादी इंग्रजी कविता. पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र याहून जिवंत उदाहरण प्रत्येक मशीन शॉपमध्ये पडलेलं आहे.

मशीनची फाइल

सीएनसी मशीनवर चढणारा प्रोग्रॅम ही नोटपॅडमध्ये सहज उघडणारी टेक्स्ट फाइल असते. लेथच्या प्रोग्रॅममधली एक ओळ पाहू. मशीनवर तिची अक्षरं रोमन असतात, इथे ती देवनागरीत उतरवली आहे:

जी०१ एक्स५०.० झेड-२०.० एफ०.२

जी०१ म्हणजे ठरलेल्या फीडने सरळ रेषेत जा. एक्स म्हणजे जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास, झेड म्हणजे लांबीच्या दिशेतली जागा, आणि एफ म्हणजे स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूलने किती मिलिमीटर पुढे सरकायचं ते. एम०३ आलं की स्पिंडल फिरू लागतं, एम३० आलं की प्रोग्रॅम संपतो. आयटीआय करून आलेला ऑपरेटर वर्षा-दोन वर्षांत या ओळी बातमी वाचावी तशा वाचू लागतो. आपण प्रोग्रॅमिंगची एक भाषा वाचतो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

या फाइलीचा इतिहास संगणकाच्या बहुतेक भाषांपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५२ साली आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन लोकांपुढे आलं तेव्हा हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचले जात. पुढे या सांकेतिक ओळींना प्रमाण रूप मिळालं. आयएसओ ६९८३ हे मानक १९८२ साली निघालं. आज पट्टीच्या जागी पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कची केबल आली, तरी फॅनुक कंपनीच्या कंट्रोलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या, प्रोग्रॅमच्या आरंभी आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह अजून असतंच. ते त्या कागदी पट्टीच्या काळातलं आहे.

आता वरच्या ओळीत एक्सच्या आकड्यातून टिंब आणि त्यापुढचं शून्य काढून टाका, म्हणजे 'एक्स५०.०'चं 'एक्स५०' होईल. वाचणाऱ्या माणसाच्या लेखी दोन्ही ठिकाणी पन्नासच मिलिमीटर आहेत. पण कंट्रोलमधला पॅरामीटर जुन्या पद्धतीने लावलेला असेल, तर फॅनुकचा कंट्रोल टिंब नसलेला आकडा सर्वांत लहान मापात मोजतो. ते माप मिलिमीटरचा हजारावा भाग असल्याने पन्नास मिलिमीटरचे पन्नास मायक्रॉन होतात, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. लेथवर याचा अर्थ टूल जवळजवळ जॉबच्या मध्यापर्यंत जाणार. त्या ओळीत जी०१ऐवजी जी०० असेल, तर टूल रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, थेट जॉबमध्ये घुसतं. शॉपच्या भाषेत मशीन ठोकली जाते. टूलच्या टोकाचा इन्सर्ट फुटतो, टूल होल्डर वाकतो, कधी टूलं धरणाऱ्या टरेटची अलाइनमेंट जाते.

एका टिंबाने एवढं होतं, कारण फाइलीत माप नसतंच. तिच्यात असतात फक्त चिन्हं, एकापुढे एक मांडलेली. त्यांचा अर्थ वाचणारा लावतो, मग तो माणूस असो, कंट्रोल असो किंवा नवशिक्याने लिहिलेला दहा ओळींचा प्रोग्रॅम असो. टेक्स्ट फाइलीवरचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

चिन्हांमागचे आकडे

डिस्कवर अक्षरं नसतात, बाइट असतात. प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. कोणती संख्या म्हणजे कोणतं चिन्ह, याचा तक्ता आधी ठरवावा लागतो. आस्की हा असा तक्ता अमेरिकेत १९६३ साली ठरला. त्यात १२८ जागा आहेत. रोमन जी हे मोठं अक्षर ७१, एक्स ८८, शून्याचं चिन्ह ४८, पाचाचं ५३ आणि टिंब ४६. म्हणून मशीनच्या फाइलीतला 'जी०१' म्हणजे ७१, ४८, ४९ हे तीन बाइट. ओळ संपल्याची खूणही चिन्हच आहे: क्रमांक १०. विंडोजमध्ये तिच्याआधी १३ क्रमांकाची आणखी एक खूण येते. टाइपरायटरसारख्या टेलिप्रिंटरवर कागद वर सरकवणं आणि डोकं डावीकडे आणणं ही दोन वेगळी कामं होती, त्यातून ही जोडी आली.

सगळ्याच फाइली अशा नसतात. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. जुने पुणेकर त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, त्याची ती आठवण. हे कार्यालय भारतावरच्या रोजच्या पावसाचा १९०१पासूनचा साठा देतं. त्यात देशावर टाकलेल्या जाळीवर १३५ गुणिले १२९ बिंदू आहेत आणि दर दिवसाचा प्रत्येक बिंदूचा पाऊस आहे. ही बायनरी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पडद्यावर नुसता कचरा दिसतो, कारण तिच्यात आकड्यांची चिन्हं नाहीत, संगणकाच्या आतल्या मांडणीतल्या संख्या आहेत. जागा वाचते, वाचन वेगाने होतं. पण मांडणीचं वर्णन हाती नसेल तर फाइल मुकी राहते. टेक्स्ट फाइल जागा जास्त घेते, आणि त्या बदल्यात कुठल्याही संगणकावर कुणालाही उघडून पाहता येते.

टेक्स्ट फाइलीतून आलेला आकडा प्रोग्रॅमच्या लेखी मजकूरच असतो. पायथनमध्ये मजकुरातला '५' आणि मजकुरातला '५' यांची बेरीज '५५' होते. मजकूर म्हणून क्रम लावला तर '१००' हा '२०'च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून होते आणि एक दोनपेक्षा लहान. मापांची यादी उलटसुलट लागली की नवशिके लूप तपासत बसतात. दोष असतो मजकुराची संख्या करायची राहिली यात. त्यासाठी 'इंट' आणि 'फ्लोट' ही फंक्शनं आहेत. मराठी वाचकाला सुखावणारी बाब म्हणजे पायथनचं 'इंट' देवनागरी आकडेही स्वीकारतं. '२०२४' असा देवनागरी मजकूर दिला तरी त्याची संख्या बरोबर होते.

फाइल उघडताना

गिडो व्हान रॉसम यांनी पायथन १९९१ साली लोकांसमोर आणली. तिच्यात फाइलीशी बोलायचं दार म्हणजे 'ओपन' हे फंक्शन. त्याला फाइलीचा पत्ता सांगायचा आणि तिचं काय करायचं ते एका अक्षराने सांगायचं. 'आर' म्हणजे वाचायचं, 'डब्ल्यू' म्हणजे नव्याने लिहायचं, 'ए' म्हणजे शेवटी जोडायचं.

यातल्या 'डब्ल्यू'पासून जपून राहायला हवं. फाइल या पद्धतीने उघडली की त्याच क्षणी तिच्यातला जुना मजकूर पुसला जातो, अजून एक अक्षरही लिहिलेलं नसलं तरी. पायथन विचारत नाही, इशारा देत नाही, आणि फाइल कचरापेटीतही जात नाही. म्हणून मूळ फाइल नेहमी 'आर'ने उघडावी आणि निकाल वेगळ्या नावाच्या फाइलीत लिहावा. 'एक्स' ही आणखी एक पद्धत आहे. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती लिहायला नकार देते. शिकताना हा नकार कामाचा ठरतो.

दुसरी अडचण पत्त्याची. विंडोजमध्ये फोल्डरची नावं उलट्या तिरक्या रेघेने तोडतात. पायथनच्या मजकुरात त्याच रेघेला वेगळं काम आहे: रेघेपुढे रोमन एन आला तर ती नवी ओळ होते, टी आला तर टॅबची मोकळी जागा. डी ड्राइव्हवर 'न्यू' नावाचं फोल्डर, त्यात 'टर्निंग' नावाचं फोल्डर, अशा साध्या पत्त्यात दोन्ही सापळे एकदम येतात. डोळ्यांसमोर फाइल दिसत असूनही पायथन ती उघडत नाही. पत्त्यात सरळ तिरकी रेघ वापरली की हा प्रश्न सुटतो. त्यातून विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट लपवतं. त्यामुळे 'नोंदी.टीएक्सटी' असं नाव हाताने दिलेली फाइल कधी कधी खरी 'नोंदी.टीएक्सटी.टीएक्सटी' असते.

वाचलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ती नव्या ओळीची खूण चिकटलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही, तुलनेत मात्र आडवी येते. ओळीत 'एम३०' एवढंच आहे का, असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'स्ट्रिप' वापरून ओळीच्या कडांची मोकळी जागा काढली की उत्तर 'हो' होतं. लिहिताना याच्या उलट: खूण आपणच घालायची, नाही तर सगळा अहवाल एकाच लांबलचक ओळीत येतो.

लिहिलेलं ताबडतोब डिस्कवर जातं असंही नाही. पायथन मजकूर मेमरीत साठवते आणि फाइल बंद होताना उरलेला उतरवते. 'विथ' या शब्दाने फाइल उघडली, की तो भाग संपताच ती आपोआप बंद होते. मध्येच चूक होऊन प्रोग्रॅम थांबला तरीही.

पुनावळे, एकवीस बाइट

मशीनच्या फाइलीला आस्कीचा तक्ता पुरतो. मराठी मजकूर आला की प्रश्न नव्याने सुरू होतो.

नोटपॅडमध्ये 'पुनावळे' एवढाच शब्द लिहून फाइल साठवा. वाचताना ही चार अक्षरं आहेत. पायथनचं 'लेन' हे फंक्शन मात्र सात सांगतं: प, उकार, न, काना, व, ळ आणि मात्रा. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्यात व्यंजन वेगळं आणि स्वरचिन्ह वेगळं. फाइलीचा आकार पाहिला तर तो भरतो एकवीस बाइट. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'प'साठी २२४, १६४, १७०. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात बसून ही पद्धत आखली. आस्कीची १२८ चिन्हं तिच्यात जशीच्या तशी एका बाइटची राहतात. म्हणूनच जुन्या मशीनची फाइल ही आपोआप शुद्ध यूटीएफ-८ फाइलही असते.

गंमत पुढे आहे. विंडोजवर पायथनला तक्ता कोणता ते सांगितलं नाही, तर ती बहुधा पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा १२५२ क्रमांकाचा तक्ता धरते. त्या तक्त्यात एका बाइटचं एक चिन्ह होतं आणि पाच जागा रिकाम्या आहेत. आता 'चाकण' लिहिलेली फाइल वाचा. बारा बाइटांची बारा परकी चिन्हं होतात आणि प्रोग्रॅम निमूटपणे पुढे जातो. मग 'पुनावळे'ची फाइल वाचा. इथे प्रोग्रॅम थांबतो. उकाराच्या तीन बाइटांमधला शेवटचा १२९ आहे, आणि १२९ ही त्या पाच रिकाम्या जागांपैकी एक. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, तोही रिकाम्या जागेवर पडतो, म्हणून जोडाक्षर असलेला कुठलाही मराठी शब्द असाच अडतो. चाकण चालतं आणि पुनावळे अडतं, याचं कारण गावाच्या नावातला एक उकार. उपाय दोन्हीवर एकच: 'ओपन'ला एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं स्पष्ट सांगायचं, दर वेळी.

विंडोजच्या नोटपॅडनेही २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून यूटीएफ-८ हाच नेहमीचा पर्याय केला. त्याआधीच्या मराठी फाइलींची गोष्ट वेगळी. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपी संगणकावर आणण्यात मोठा वाटा उचलला. इस्की हा भारतीय लिप्यांचा तक्ता १९९१ साली भारतीय मानक झाला, आणि युनिकोडमधल्या देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. छपाईच्या धंद्यात मात्र श्रीलिपीसारख्या प्रणालींचे स्वतःच्या तक्त्याचे फॉन्ट चालत. त्या फाइलीत रोमन तक्त्यातले क्रमांक असत आणि मराठी आकार फॉन्ट काढून देई. फॉन्ट गेला की लेख गेला. अशा फाइलींना युनिकोडमध्ये आणण्यासाठी त्या त्या फॉन्टचा तक्ता मिळवून चिन्हागणिक बदल करावा लागतो. टेक्स्ट फाइली शिकणाऱ्याला याहून उपयोगी सराव क्वचितच मिळेल.

युनिकोडमध्येही मराठीची एक खास गाठ आहे. 'शेतकऱ्यांचा' या शब्दातला आडवा रफार दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त घालून, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, बाइट वेगळे असतात. एका कीबोर्डवर टाइप केलेल्या अहवालात दुसऱ्या कीबोर्डवरून हा शब्द शोधला तर तो सापडत नाही. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने शोध घेण्याआधी दुसऱ्या तऱ्हेची पहिलीत बदली करणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घालून ठेवावी.

दहा ओळींचं काम

एवढी तयारी झाली की टिंब शोधणारा प्रोग्रॅम अवघड राहत नाही. प्रोग्रॅमची फाइल 'आर'ने उघडायची. लूप लावून एकेक ओळ घ्यायची. 'एन्युमरेट'ने ओळीचा क्रमांक सोबत ठेवायचा आणि मोजणी एकपासून करायची. 'स्प्लिट'ने ओळीचे शब्द वेगळे करायचे. शब्द एक्स किंवा झेडने सुरू होत असेल आणि त्यात टिंब नसेल, तर ओळ क्रमांक आणि तो शब्द अहवालाच्या फाइलीत लिहायचा.

पहिल्याच वापरात हा प्रोग्रॅम नको तिथे ओरडतो. कंसात लिहिलेल्या सूचना कंट्रोल वाचतच नाही, पण आपला प्रोग्रॅम त्यातलाही 'एक्स५०' पकडतो. म्हणून कंसातला मजकूर आधी काढावा लागतो. जी०४मध्ये टूल जागच्या जागी थांबतं. तिथे एक्स म्हणजे सेकंद. तपासणी यू आणि डब्ल्यूलाही लावली तर जी२८ची ओळ पकडली जाते. तिथे त्यांच्यापुढे नुसतं शून्य असतं, आणि शून्याला टिंब असो वा नसो, ते शून्यच. तपासणी सगळ्या अक्षरांना लावण्याचा मोह झाला तर जी७१चं रफिंग सायकल आडवं येतं: त्यातले पी आणि क्यू हे ओळींचे क्रमांक आहेत, त्यांना टिंब नसतंच. म्हणजे नियम अक्षरावर थांबत नाही, ओळीत कुठला जी-कोड आहे तेही पाहावं लागतं. शिवाय काही प्रोग्रॅममध्ये शब्दांमध्ये मोकळी जागाच नसते, सगळी ओळ सलग लिहिलेली असते. तिथे 'स्प्लिट' चालत नाही. अक्षर आणि त्यामागचा आकडा असा नमुना शोधणारं 'आरई' हे मॉड्यूल लागतं.

हे सगळे अपवाद पायथनच्या पुस्तकात मिळत नाहीत, ते मशीन लावून देणाऱ्या सेटरला ठाऊक असतात. म्हणून पहिली यादी छापून त्याच्यापुढे ठेवावी आणि तो ज्या ओळींवर 'हे बरोबर आहे' म्हणेल त्यांचं कारण विचारून घ्यावं. त्याच्या मशीनवर पॅरामीटर कसा लावला आहे, हेही त्यालाच विचारायचं. जिथे टिंब नसलेला आकडा थेट मिलिमीटर धरला जातो, अशा मशीनवर या यादीचं महत्त्व उरत नाही, पण तोच प्रोग्रॅम शेजारच्या जुन्या मशीनवर जाणार असेल तर उरतं.

चुकीची ओळ सापडली की प्रोग्रॅमने स्वतःच टिंब घालून टाकावं, असं अनेकांना वाटतं. ते टाळावं. 'एक्स५०' लिहिणाऱ्याच्या मनात पन्नास मिलिमीटर होते, की त्याने जुन्या पद्धतीप्रमाणे जाणूनबुजून पन्नास मायक्रॉन लिहिले, हे फाइलीवरून कळायला मार्ग नाही. दुरुस्ती सेटर करेल, ग्राफिकवर टूलचा मार्ग पाहील, मग सिंगल ब्लॉक लावून, म्हणजे एकेक ओळ थांबवत, आणि रॅपिड कमी ठेवून पहिला जॉब काढेल. एका फाइलीवर प्रोग्रॅम नीट चालू लागला, की 'पाथलिब'च्या मदतीने फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर तो चालवता येतो. वाढतात दोन-तीन ओळी, आणि अहवालात ओळ क्रमांकाच्या आधी फाइलीचं नाव लिहावं लागतं.